मनुष्याचें काम

कानात अप्पांचा आवाज आला तेव्हा विद्यालक्ष्मीने आधी वळून दाराकडे पाहिलं. अप्पा इथे कसे येतील? शहराच्या टोकाला असलेल्या सिरुसेरीच्या त्या काचेच्या इमारतीत गळ्यात ओळखपत्र नसेल तर डासालाही आत सोडत नाहीत, आणि तिचे वडील तर या वेळी वेस्ट मांबलमच्या घरात दुसऱ्या कॉफीची वाट बघत बसलेले असणार. मग तिच्या लक्षात आलं, आवाज हेडफोनमधून येतोय. समोरच्या पडद्यावर अप्पाच होते. वरच्या मजल्यावरच्या रविकांतकाकांची बाल्कनी, त्यांची वेताची खुर्ची, मागे दोरीवर वाळत घातलेला टॉवेल, आणि खुर्चीत अप्पा, कपाळावर गंधाची रेघ. ते म्हणाले, "हें मनुष्याचें काम नव्हे." एवढंच. तिथे त्यांचा चेहरा थिजला आणि खाली जाड पिवळ्या अक्षरांत ओळी उमटल्या. तीनशे वर्षांपूर्वीची मराठी बोलणारे तंजावरचे आजोबा! हवामान बदलाचं थोतांड एका वाक्यात उघडं! पाहणाऱ्यांचा आकडा लाखांत गेला होता. त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग, कुणी लिहिलेलं 'काय गोड भाषा', कुणी लिहिलेलं 'शास्त्रज्ञांच्या कानाखाली'. आणि पडद्याच्या उजव्या बाजूला, रोज दिवसभर विचारतं तसंच, यंत्र तिला विचारत होतं: वक्ता मानवी कारण नाकारतो का? हो. नाही.

ही नोकरी तिला मिळाली होती मराठीच्या नावावर. लोक आपापल्या भाषेत जे काही बोलून इंटरनेटवर टाकतात ते ऐकायचं, आणि खरं, खोटं, थट्टा, धमकी अशा खणांत घालायचं. अर्जात तिने मराठी लिहिलं, आणि घेणाऱ्यांना काय ठाऊक, मराठ्या दोन असतात म्हणून. एक महाराष्ट्रातली. दुसरी तिच्या घरची, जी तिच्या कुळाने कोणे एके काळी तंजावरला आणली आणि लोणच्यासारखी बरणीत घालून ठेवली, वर तमिळचं तेल ओतून. देवनागरी ती शिकली तीसुद्धा हिंदीच्या परीक्षा देताना. पहिल्याच आठवड्यात एका माणसाने दुसऱ्याला 'तुझी वाट लावतो' म्हटलं आणि तिने ते सौजन्य समजून सोडून दिलं. तिच्या घरी पाहुण्याला वाटेला लावायला जिन्याखालपर्यंत जातात. शेजारच्या खुर्चीवरचा सोलापूरचा आशिष त्या दिवशी पोट धरून हसला होता. तेव्हापासून दोघांची देवघेव सुरू झाली. महाराष्ट्रातल्या शिव्या तो तिला फोड करून सांगे, आणि जुनं काही आलं तर तिला विचारी. गेलं वर्षभर ती हवामानाच्या खणावर होती. सूर्यावरचे डाग, परक्या देशांचा कट, पूर्वी काय पूर येत नव्हते का, आमच्या आजोबांच्या वेळी याहून ऊन होतं. ऐकायचं आणि दाबायचं. हो, हो, नाही, हो. आपण रोज कुणाच्या तरी बापाला खोटं पाडतो, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं.

नात्यातल्या माणसाचं असेल तर आपण तपासायचं नाही, असा नियम होता. तिने 'पुढे पाठवा' दाबलं आणि कारणाच्या चौकटीत लिहिलं, भाषा अवघड. ते खोटं नव्हतं. पुढे म्हणजे आशिषकडे, हे तिला कळायला हवं होतं. त्या शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीआधीच, त्याने खुर्ची वळवली. "ताई, तुमच्याकडचे एक आजोबा आलेत. भारी आहेत. पण 'मनुष्याचें काम नव्हे' म्हणजे तुमच्यात नेमकं काय? नाकारतायत ना ते?" ती म्हणाली, सोमवारी सांगते, एकदा नीट ऐकायला हवं. तो बरं म्हणाला. दही-भाताचा डबा तिने उघडला आणि तसाच बंद केला. कारण ते वाक्य तिने पूर्वी ऐकलं होतं, आणि त्याचा अर्थ तिला जितका ठाऊक होता तितका जगात आणखी एकाच माणसाला ठाऊक होता, आणि तो पडद्यावर थिजून बसला होता.

घरी जाताना कंपनीच्या बसच्या काचा गार पडलेल्या असतात, इतक्या की कपाळ टेकलं तर डोकं दुखतं. बाहेर मे महिना नुसता भाजत होता. तीन दिवसांवर अग्निनक्षत्र, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक दिवस, आलं होतं, आणि रस्त्याच्या कडेला उन्हात उभी माणसं बसच्या काचेकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर तिला नको होती. तिने डोळे मिटले की जिना येई. आणि काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातल्या पुराचं ते पाणी. त्यांचं घर तळमजल्यावर. पाणी आधी मोरीतून वर आलं, मग उंबऱ्यावरून, आणि मग ते कुठून येतंय हे विचारण्यात अर्थ उरला नाही. आईला खुर्चीत बसवून त्यांनी वर नेलं, रविकांतकाकांच्या घरी. आईचं नाव त्रिपुरसुंदरी, पण सगळी गल्ली तिला मामी म्हणायची. तिला दम्याचा त्रास होता. वाफेचं यंत्र विजेवर चालायचं आणि वीज कधीच गेली होती. फोन गेले होते, रस्ते गेले होते. रविकांतकाकांनी आपला पलंग दिला, काकूंनी रात्रंदिवस पाठ चोळली, आणि आई त्या परक्या पलंगावर, परक्या चादरीवर, तोंड उघडं टाकून मासळीसारखी हवा शोधत शोधत गेली. स्मशानापर्यंत न्यायलाही वाट नव्हती. पाणी ओसरेपर्यंत ती तिथेच राहिली. पाणी अजून भरलेलं असताना अप्पा जिन्यात आले, कठड्याला धरून खाली पाहिलं. त्यांच्या घरातल्या चपला, पाट, आईची हळदी-कुंकवाची डबी त्या काळ्या पाण्यावर फिरत होती. आणि ते म्हणाले, "हें मनुष्याचें काम नव्हे." थोडं थांबले, आणि म्हणाले, "राक्षसाचें." जिन्यात तेव्हा तिघंच होती. अप्पा, ती, आणि खालच्या पायरीवर पाण्यात काठी घालून खोली बघणारे रविकांतकाका.

त्यांच्या घरात हे वाक्य लहानपणापासून होतं. कुणी मुक्या जनावराला मारलं, कुणी म्हाताऱ्या आईला उपाशी ठेवलं, की आजी म्हणे, हें मनुष्याचें काम नव्हे. म्हणजे ज्याने केलं त्याला मनुष्य म्हणू नका. यापरती शिवी त्यांच्या भाषेत नव्हती. अप्पांना ठाऊक होतं ते कुणाला शिवी देतायत. ते रेल्वेत कारकून होते, पण गल्लीत त्यांची ख्याती वेगळीच होती. नवा भाडेकरू आला की त्याला लेक व्ह्यू रोडवर नेऊन उभं करायचे आणि विचारायचे, "लेक कुठें आहे, दाखव." तळं त्यांच्या वडलांनी पाहिलेलं होतं. ते बुजवलं, त्यावर रस्ते केले, रस्त्याला तळ्याचंच नाव दिलं. मग दक्षिणेकडची पाणथळ बुजवली, मग झाडं गेली, मग धूर. ज्या वर्षी गावाचे नळ कोरडे पडले आणि लोक टँकरच्या मागे घागरी घेऊन धावले, त्या वर्षी अप्पा रोज पेपरवर बोट ठेवून म्हणायचे, बुडवितात तेहि हेच, वाळवितात तेहि हेच. हेच, म्हणजे आपण. हे त्यांनी आईच्या फोटोसमोर बसून म्हटलेलं होतं. असा माणूस आता लाखो लोकांच्या फोनमध्ये बसून आपल्याला निर्दोष सोडत होता.

घरी न जाता ती सरळ वर गेली. रविकांतकाका सांगलीकडचे, केंद्र सरकारच्या नोकरीत इथे आले आणि निवृत्त होऊन इथेच राहिले. माणूस सोन्यासारखा. फक्त बोलायला लागला की आवरत नसे. मराठी मंडळात त्यांचा एक विनोद ठरलेला होता. आमच्या लहानपणी हवापालटाला पाचगणीला जावं लागायचं; आता म्हणे हवाच पालटते, तिकीट वाचलं! दर वर्षी लोक हसत, दर वर्षी ते स्वतः सगळ्यांत जास्त हसत. तिने विचारलं तेव्हा त्यांनी काही लपवलं नाही. उलट खूश झाले. "अगं, मीच टाकला व्हिडिओ! अप्पांची भाषा कुठेतरी राहायला हवी की नको? फार लांब झालं होतं, तळं काय, धूर काय, फाईल जाईना. म्हणून मुद्द्याचं तेवढं ठेवलं." मूळ रेकॉर्डिंग त्यांनी लावून दाखवलं. अप्पा बोलत होते, तळ्याचं, धुराचं, आईचं. मग ते वाक्य. आणि मग, स्वच्छ, "राक्षसाचें."

"काका, हा शब्द कापलात तुम्ही."

"तो पुन्हा तेच सांगतो की. राक्षसी ताकद, निसर्गाचं रौद्र रूप! जिन्यात उभं राहून म्हणाले होते, आठवतं? तेव्हापासून डोक्यात बसलंय माझ्या. एवढं घरावर कोसळलेलं असताना हा माणूस कुणाला बोल लावत नाही. म्हणतो, हे माणसाच्या हातचं नव्हे. केवढं मोठं मन!"

"काका, आमच्यात त्याचा अर्थ तसा नाही. ज्यानं केलं तो मनुष्यच नव्हे, असा आहे."

"अगं, मग मी काय वेगळं म्हणतोय? मनुष्यानं नाही केलं!" ते हसले, आतून काकूंना हाक मारून कॉफी सांगितली. कॉफी घेऊन काकू ज्या पलंगावर बसल्या तो पलंग तोच होता. विद्यालक्ष्मीला खूप बोलायचं होतं. पण ज्यांनी आपल्या आईची घाण उपसली त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं, की तुम्ही माझ्या बापाच्या तोंडातून घास काढावा तसा शब्द काढून घेतलात? इतकी वर्षं एका जिन्यात चढउतार केली, सणाला ताटं दिली-घेतली, आणि मोठ्या दुःखाच्या दिवशी दोन मराठी माणसं एकच वाक्य ऐकून दोन वेगळ्या घरी गेली. ती कॉफी पिऊन खाली आली. तिला रविकांतकाकांचा राग येत नव्हता, आणि राग करायला कुणी नसणं फार वाईट असतं.

खाली अप्पा फोनवर होते. आई गेल्यापासून हा फोन पडून असायचा. तिचा भाऊ गिरिधर सिंगापुराहून रविवारी करायचा तेवढाच. आता नाशिकहून कुणी, नागपूरहून कुणी. आजोबा, एकदा ते वाक्य म्हणा. अप्पा म्हणत. पलीकडून हसणं ऐकू येई, आणि अप्पाही हसत. ते लोक वाक्याला हसतात की भाषेला, हे त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं, किंवा विचारून सोडून दिलं होतं. दाढी रोज होऊ लागली होती, त्याचं कारण तिला आज कळलं. पाण्यात फुगून बसलेलं आईचं कपाट, ज्याचा खण त्या डिसेंबरपासून नीट बंद होत नव्हता, त्यातून त्यांनी जरीचं उपरणं काढून ठेवलं होतं. रविवारी मराठी मंडळात त्यांचा सत्कार होता, हेही तिला आजच कळलं.

"अप्पा," ती म्हणाली, "तुम्ही पुढे राक्षसाचें म्हणालात. तेवढं त्यांनी कापलं."

"कापलें? रविकांतनं?" त्यांनी फोन बाजूला ठेवला. "सुम्मा, उगीच कापला असेल. वाईट मनाचा नव्हे तो."

"पण लोकांना वाटतं, तुम्ही म्हणता की कुणी काही केलंच नाही. तळं कुणी बुजवलं नाही, धूर कुणी केला नाही. आई..."

"कळतें ग मला." त्यांनी उपरण्याची घडी मोडली, पुन्हा घातली. "स्टेजवर सांगतों कीं. मंडळ भरून अस्के बसलेले असतील. पुरतें सांगतों. तूंहि ये."

तिला त्या क्षणी त्यांचे पाय धरावेसे वाटले. शनिवार तिचा बरा गेला. सोमवारी आशिषला काय सांगायचं याचा मात्र गुंता सुटत नव्हता, आणि गुंता असा होता की हसावं की रडावं कळू नये. खरं सांगायचं तर अप्पा काही नाकारत नाहीत. म्हणजे उत्तर 'नाही'. पण 'नाही' दाबलं की तो तुकडा मोकळा सुटणार, आणखी लाखो फोनांत जाऊन तेच खोटं सांगणार. आणि खोटं सांगितलं, हो, नाकारतात, तर त्यावर इशाऱ्याची पट्टी बसणार, तो नव्या लोकांना दिसेनासा होणार. पण पट्टी बसणार ती अप्पांच्या तोंडावर, जे खोटं बोललेच नव्हते. खरं बोललं तर खोटं पसरतं, खोटं बोललं तर ते थांबतं. असला हिशेब तिला कुणी शिकवलेला नव्हता. पण अप्पा स्टेजवर पुरतं सांगणार होते. शंभर माणसांसमोर, शंभर फोनांसमोर. मग कशाला कुणी काही दाबायला हवं?

मंडळाच्या सभागृहाचा एसी त्या दिवशी बंद पडला होता. लोक कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत होते, बायकांच्या पावडरी ओघळल्या होत्या, आणि प्रत्येक जण शेजारच्याला सांगत होता की असला उकाडा जन्मात पाहिला नाही. रविकांतकाका माइकपाशी गेले, पाचगणीचा विनोद झाला, हशा झाला. मग त्यांनी त्या डिसेंबरची गोष्ट सांगितली, पलंगाचा उल्लेख टाळून, भल्या माणसासारखी, आणि खरोखर डोळे पुसले. शाल आली, नारळ आला. अप्पा उभे राहिले. जरीच्या उपरण्यात ते तिला एकदम लहान दिसले. फोन वर झाले, आणि पत्रिकांचा फडफडाट थांबला. अप्पांनी त्या सगळ्या तोंडांकडे पाहिलं. आई गेली तेव्हा यातलं कुणी आलेलं नव्हतं. येणार तरी कसे, रस्ते नव्हते. पुढे रस्ते झाले तरी आले नाहीत. आता आले होते, घामाने निथळत, त्यांच्या तोंडाकडे डोळे लावून.

"हें मनुष्याचें काम नव्हे," अप्पा म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. ती खुर्चीच्या कडेवर आली. टाळ्या संपू देत, मग सांगतील. टाळ्या संपल्या. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. गर्दीतून शोधून, नेमकं तिच्याकडे. तोंड थोडं उघडलं. पुढच्या रांगेतल्या कुणी तरी ओरडून सांगितलं, "आजोबा, पुन्हा एकदा!" आणि अप्पांच्या चेहऱ्यावर हसू आलं, आई असताना पानावर पुरणपोळी पडली की यायचं तसं. तेच वाक्य ते पुन्हा म्हणाले, या वेळी सावकाश, हात वर करून, आणि नेमकं तिथेच थांबले. कुठे थांबायचं ते त्यांना कळलं होतं. टाळ्या जिथे येतात तिथे. मग ते खुर्चीत बसले, शाल खांद्यावर सारखी केली, आणि त्या उकाड्यात ती लोकरीची शाल कार्यक्रम संपेपर्यंत काढली नाही.

तिला आईची दया आली. बापाचा राग आला, इतका की तो नुसता राग असता तर तिने तिथेच उठून ओरडून तो शब्द सांगितला असता. पण त्या रागाला खाली बूड नव्हतं. या माणसाने किती तरी वर्षं एकट्याने बसून शिवी दिली होती, आणि ती शिवी कुणी ऐकली नव्हती. तीच अर्धी करून दिली तर लोक शाल घालतात. पुरती शिवी दिली तर ती समोर बसलेल्या प्रत्येकाला लागली असती, काकांना, तिला, बसच्या गार काचेला डोकं टेकणाऱ्या कुणालाही, त्यांना स्वतःलासुद्धा. कुणाला हवी होती ती? तिने पिशवीतून फोन काढला. सोमवारपर्यंत थांबायचं काही कारण उरलं नव्हतं. आशिषला तिने लिहिलं, हो. नाकारतात. शुक्रवारी हे खोटं ठरलं असतं.

पट्टी बसली. फोन हळूहळू थांबले. नाशिक थांबलं, नागपूर थांबलं. रविकांतकाका म्हणाले, बघा, खरं बोलणाऱ्याचं तोंड दाबतात ते असं, आणि त्यांना मंडळात सांगायला एक नवी गोष्ट मिळाली. एका संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा अप्पा काकांनी दिलेला जुना फोन डोळ्यांजवळ धरून बसले होते. त्यांना तमिळ वाचता येई, इंग्रजी येई. मराठी ते जन्मभर बोलले, पण तिची अक्षरं कधी शिकले नाहीत.

"विद्या, हें बघ. माझ्या तोंडाखालीं कायसें लिहून ठेविलें आहे. काय ग तें?"

तिने पाहिलं. बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही माहिती दिशाभूल करणारी आहे. वर अप्पा थिजून बसले होते, वाक्य संपवून, तोंड किंचित उघडं.

"तुमचंच पुढचं वाक्य आहे," ती म्हणाली. "राक्षसाचें, असं लिहिलंय."

अप्पांनी फोन तिच्या हातातून घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"राक्षस?" ते म्हणाले. "कोण राक्षस ग?"

तिने त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी शोधली. ती मिळाली असती तर बरं वाटलं असतं. पण तिथे काही नव्हतं. म्हातारा खरोखरच तिला विचारत होता.